सीमाभागाला भूगोलाचा अभ्यास हवा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून दर १ नोव्हेंबरला इथला मराठी माणूस काळा दिन पाळतो, फेरी काढतो. महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावं हा आकडा पोरासोरांच्याही तोंडी आहे. सीमावादावरचा महाजन अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, आंदोलनं, हुतात्मे हे सगळं कट्ट्यावर बसलेला माणूस न अडखळता सांगतो. त्याच माणसाला विचारा, की मार्कंडेय नदी कुठे जाऊन घटप्रभेला मिळते, खानापूरची माती लाल आणि अथणीची काळी का, किंवा चंदगडचा पेशंट कोल्हापूरला न जाता बेळगावला का येतो. तो थांबतो. यात त्याचा दोष नाही. सीमाप्रश्नाचा इतिहास आपण लिहिला, कायदा अभ्यासला, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्यासारख्या गावांनी साहित्य संमेलनं भरवून भाषा जागती ठेवली. ज्या भूभागासाठी हे सगळं चाललं आहे, त्याचा शास्त्र म्हणून अभ्यास मात्र आपल्या हातून झाला नाही. तो व्हायला हवा, मराठीतून व्हायला हवा, आणि शाळेपासून व्हायला हवा, हे मला आज मांडायचं आहे.

मुलूख हातचा गेल्यावर भूगोलाकडे वळलेला एक समाज जगाच्या इतिहासात आहे. त्याची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनांकडून हरला आणि अल्सास व लॉरेनचा मोठा भाग त्याच्या हातून गेला. पराभवाची कारणं शोधताना एक तक्रार सतत पुढे येत होती. ती अशी, की फ्रेंच अधिकाऱ्यांना स्वतःच्या देशाचे नकाशे धड वाचता येत नव्हते आणि जर्मनांना ते येत होते. पुढच्या वर्षांत फ्रान्समध्ये शाळांतला भूगोल वाढवण्यात आला आणि विद्यापीठांत भूगोलाची अध्यासनं निघाली. पॉल व्हिदाल द ला ब्लाश हा मूळचा प्राचीन इतिहासाचा अभ्यासक. तो या काळात नॅन्सीला शिकवायला गेला. लॉरेनचा जो तुकडा फ्रान्सकडे उरला होता त्यातलं हे शहर, नव्या सीमेच्या अगदी जवळचं. तिथून पुढे पॅरिसला जाऊन त्याने फ्रेंच भूगोलाची परंपरा उभी केली, १८९१ मध्ये भूगोलाचं नियतकालिक काढलं, शिष्यांची एक पिढी तयार केली. या शिष्यांनी फ्रान्सचा एकेक प्रदेश घेऊन त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. व्हिदालने स्वतः १९१७ मध्ये अल्सास-लॉरेनवर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी, महायुद्ध संपायच्या आधी तो वारला. तो मुलूख परत आलेला त्याला पाहायला मिळाला नाही.

मला यात महत्त्वाची वाटते ती त्याची रीत. ‘हा मुलूख आमचा’ हे वाक्य सिद्ध करत बसण्यापेक्षा त्याने तिथली माती, शेताची वाटणी, गावांची ठेवण, कालवे, गिरण्या, बाजाराची शहरं हे सारं एकमेकांशी कसं बांधलेलं आहे ते दाखवलं. निसर्ग माणसापुढे शक्यता ठेवतो, त्यांतली कोणती उचलायची ते तिथला समाज आपल्या सवयींनी, साधनांनी, इतिहासाने ठरवतो, असं तो मानत असे. भूगोलाच्या मराठी पुस्तकांत याला संभववाद म्हणतात आणि परीक्षेसाठी चार ओळींत तो उरकला जातो. त्या चार ओळींमागे हरलेल्या सीमेजवळ बसून केलेला अभ्यास आहे, हे मुलांना कोणी सांगत नाही.

१९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत युरोपच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा तिथे भूगोलतज्ज्ञ होते. अमेरिकेकडून आयझाया बोमन, फ्रान्सकडून व्हिदालचा जावई एमान्युएल द मार्तोन. कोणत्या गावात कोणती भाषा बोलतात याच्या जोडीला रेल्वे कुठून जाते, खेड्यांचा बाजार कोणत्या शहरात भरतो, हेही पाहायला हवं असा मार्तोनचा आग्रह होता. त्यातून सगळ्यांना न्याय मिळाला असं नाही. रुमानियाच्या पश्चिम सीमेवरची रेल्वे रुमानियाला द्यायची म्हणून कितीतरी हंगेरियन भाषक पलीकडे गेले. तरी प्रश्न विचारताना भूगोल हजर होता, एवढं खरं.

आता आपल्याकडे पाहा. १९५३ च्या राज्य पुनर्रचना आयोगात तीन सदस्य होते. फाझल अली न्यायाधीश, हृदयनाथ कुंझरू संसदपटू, सरदार के. एम. पणिक्कर इतिहासकार आणि मुत्सद्दी. १९६६ चा महाजन आयोग एका माणसाचा, आणि तो माणूस निवृत्त सरन्यायाधीश. दोन्ही ठिकाणी भूगोलाचा अभ्यासक निर्णयाच्या खुर्चीवर नव्हता. या देशात तेव्हा भूगोल नव्हता म्हणावं तर तेही खरं नाही. राज्यं बदलली त्याच १९५६ साली कलकत्त्यात एस. पी. चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय अ‍ॅटलासची संस्था सुरू झाली. पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचं सी. डी. देशपांडे यांचं इंग्रजी पुस्तक तर १९४८ मध्ये धारवाडहून निघालं होतं, बेळगावपासून दोन तासांच्या वाटेवरून. अभ्यासक होते, त्यांना कोणी बोलावलं नाही. आपणही बोलवा म्हणून हट्ट धरला नाही.

महाराष्ट्राची बाजू ज्या पाटसकर सूत्रावर उभी आहे, त्याची कलमं आपल्याला पाठ आहेत: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा. यातल्या तिसऱ्या कलमावर आपण किती विचार केला? दोन गावांच्या शिवा एकमेकींना भिडल्या म्हणजे ती सलग झाली का? खानापूरच्या जंगलातली काही गावं नकाशावर शेजारी दिसतात, पण पावसाळ्यात मधला ओढा फुगला की दिवसचे दिवस संपर्क नसतो. उलट तीस-चाळीस किलोमीटरवरचं गाव रोज सकाळी बेळगावात दूध आणि भाजी घालतं. यातली खरी सलगता कोणती, हा भूगोलाचा मूळ प्रश्न आहे. जर्मन अभ्यासक वॉल्टर क्रिस्टालर याने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतली शहरं घेऊन मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. कोणतं शहर किती खेड्यांना काय पुरवतं, आणि त्यासाठी माणूस किती लांब जायला तयार होतो, यावरून शहराचा पसारा मोजायची ती रीत आहे. १९५६ मध्ये चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून कोल्हापूरला जोडला गेला. भाषेच्या हिशेबाने ते बरोबरच झालं. पण दवाखाना, भुसार बाजार, लग्नाचा बस्ता, यंत्राचा सुटा भाग यांसाठी चंदगडकर आजही बेळगावला येतो, कारण कोल्हापूर त्याला दुपटीहून लांब आहे. बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं असं महाजन अहवालात आलं तेव्हा आपण शहरातल्या भाषिक लोकसंख्येवरून वाद घातला, आणि तो घालायलाच हवा होता. पण बेळगाव हे चंदगड, खानापूर, दोडामार्गपर्यंतच्या खेड्यांचं मध्यवर्ती स्थान कसं आहे, हे माणसं, माल आणि एसटीच्या फेऱ्या मोजून मांडलेलं काम आपल्या हाताशी असतं, तर तो वाद किती भक्कम झाला असता!

इथल्या माणसाला रेषा नव्या नाहीत. ब्रिटिशांच्या काळात बेळगाव खालसा मुलखात आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं. आज एकाच शहरात असलेल्या पेठा तेव्हा दोन राज्यांत होत्या. शहापूरची साडी तरीही विकली जात होती, सोयरिकी होत होत्या. संस्थानं विलीन झाली, ती रेषा पुसली गेली, आणि काही वर्षांतच दुसरी आली. राजकीय रेषा किती कायमच्या मानायच्या, याचा हा धडा आपल्या वेशीतच आहे.

भूगोल हे शास्त्र म्हणून कसं वाढलं ते पाहिलं, तर त्याचा बराचसा प्रवास रेषांचाच दिसतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस याने दोन गावांतल्या दुपारच्या सावलीच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढला. सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला, म्हणून दोन गावांतलं अंतर पन्नासपट केलं की झालं. टॉलेमीने दुसऱ्या शतकात ठिकाणांना अक्षांश-रेखांश दिले. अल-बिरुनीने गंगा-सिंधूच्या मैदानाची माती पाहिली. डोंगराजवळ मोठे दगड, पुढे बारीक गोटे, समुद्राकडे वाळू, हे पाहून त्याने ही जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची असल्याचं हजार वर्षांपूर्वी ओळखलं. मोजणं आणि पाहणं, ही दोन्ही अंगं तेव्हापासून या विद्येत आहेत. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये हुम्बोल्ट आणि रिटर यांनी त्यांना आधुनिक शास्त्राचं रूप दिलं. हुम्बोल्टने १८१७ मध्ये सारख्या तापमानाची ठिकाणं जोडणाऱ्या समताप रेषा काढल्या. मला हा क्षण फार मोठा वाटतो. तोवर नकाशावरच्या रेषा बहुतेक राजांच्या होत्या. ही रेषा थर्मामीटरने ठरवलेली होती, आणि तिला कोणाच्या सहीची गरज नव्हती.

तशाच पावसाच्या रेषा आपल्या भागावर काढून पाहा. खानापूर तालुक्यात घाटमाथ्यावर कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बेळगाव शहरात येईतो तो बाराशे-तेराशेवर उतरतो. अथणीला पाचशे-सहाशेच्या आसपास. दीडशे किलोमीटरच्या आत एवढी घसरण! या रेषा सह्याद्रीला समांतर, साधारण उत्तर-दक्षिण जातात, आणि राज्याच्या सीमेला आडव्या छेदतात. म्हणजे चंदगड आणि खानापूर एका पट्ट्यात येतात, भात, नाचणी, जंगल, लाल माती यांच्या. महाराष्ट्रातलं जत आणि कर्नाटकातलं अथणी दुसऱ्या पट्ट्यात, ज्वारी, काळी माती आणि दुष्काळ यांच्या. २०२२ च्या नोव्हेंबरात जत तालुक्यातल्या गावांवरून दोन राज्यांत जुंपली. बातम्यांत भाषा आणि अस्मिता गाजली, पण त्या गावांचं गाऱ्हाणं मुळात पाण्याचं होतं. पावसाचा हा नकाशा ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याला जतचा माणूस काय बोलतो आहे ते लगेच कळतं, मग तो मराठीत बोलो की कन्नडमध्ये.

पाण्याचा विषय निघालाच आहे. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. तिथून थोड्याच अंतरावर खानापूरच्याच जंगलात म्हादई जन्मते आणि गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. या दोन पाण्यांमधला उंचवटा म्हणजे या भागाची सर्वांत जुनी सीमा, कोणत्याही आयोगापेक्षा जुनी. कर्नाटकाची कळसा-भंडुरा योजना या उंचवट्याच्या पलीकडचं पाणी अलीकडे आणायला निघाली आहे. २०१८ च्या लवादाने म्हादईचं १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला, २४ गोव्याला आणि १.३३ महाराष्ट्राला दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९० टीएमसी पिण्यासाठी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचं आहे. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे. गोव्याची भीतीही खरी आहे. पण ज्या गावांच्या डोक्यावर हे पाणी पडतं, ती खानापूरची, बहुतांशी मराठी बोलणारी गावं या वादात कुठे आहेत? त्यांचे झरे, त्यांची भातशेती, त्यांचं जंगल यांचं काय होईल, हे त्यांच्या भाषेत त्यांना कोणी समजावलं? सीमाप्रश्नावर हजार भाषणं करणाऱ्या आपण लोकांनी तरी समजावलं का?

उत्तरेला निपाणी, चिकोडीकडे वेगळंच चित्र. दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातला पाऊस घेऊन येतात. हिरण्यकेशी आंबोलीला निघून संकेश्वरला येते, ताम्रपर्णी चंदगडातून, आणि दोघींचं पाणी घटप्रभेत जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर आला तेव्हा सांगली-कोल्हापुरात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवलं गेलं, तर खालच्या बाजूला कोयनेच्या विसर्गाकडे. अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची का, यावरून आजही दोन सरकारं भांडत आहेत. नदीचा उतार किती, पात्र कुठे आवळलं गेलं आहे, नदीकाठी भराव कुठे पडले, कोणत्या दिवशी कुठे किती पाऊस झाला, हे प्रश्न घोषणेने सुटत नाहीत. ते एकाच खोऱ्याचा एकत्र अभ्यास मागतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भूगोलाचा विभाग आहे, धारवाडला कर्नाटक विद्यापीठात आहे. बेळगाव या दोघांच्या मधे. दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र बसून घटप्रभेच्या खोऱ्यावर काम करू शकतात अशी याहून नैसर्गिक जागा कुठली? दोन भाषा सहज येणारी पोरं तर इथे घरोघरी आहेत.

एक धोका सांगायला हवा. भूगोलाने जगाचं वाईटही केलं आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ फ्रीडरिश रात्झेलने १८९७ मध्ये राज्य म्हणजे वाढणारा सजीव देह अशी कल्पना मांडली. पुढे ‘जीवनावकाश’ या शब्दाखाली नाझींनी तिचं जे केलं ते सर्वांना माहीत आहे. हवामान माणसाची कुवत ठरवतं असं म्हणत साम्राज्यांनी गुलामगिरीला शास्त्राचा आधार दिला. आपल्या जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर, ज्यातून आपण आजही दाखले काढतो, ते महसूल आणि राज्यकारभार सोपा व्हावा म्हणूनच तयार झालं. सीमाभागात भूगोल आणायचा तर रात्झेलचा आणून चालणार नाही. राज्याला देह मानून त्याचा अवयव तोडला म्हणणारी भाषा दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवर ऐकू येते, आणि तिच्यामुळे खेड्यातल्या खऱ्या माणसाचे हाल नजरेआड होतात. मला हवा आहे तो व्हिदालचा भूगोल: आधी गाव पाहायचं, मग बोलायचं.

‘यात लढा पातळ होईल’ असं काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांनी तुरुंग भोगले आहेत, त्यांच्या शंकेचा मला आदर आहे. पण मला उलटं वाटतं. आपल्या भाषेत शिकायचा, आपल्या भाषेत कागद मिळायचा हक्क मागताना, आपण या भूमीला किती ओळखतो हेही दाखवता आलं पाहिजे. नाहीतर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे जनगणनेचे आकडे घेऊनच उभं राहावं लागेल, आणि तोवर तरुण पिढी पुण्या-बेंगळुरूला निघून गेलेली असेल. ‘भूगोल शिकून करायचं काय’ हा दुसरा आक्षेप. १९४८ मध्ये हार्वर्डने आपला भूगोलाचा विभाग बंद केला, तेव्हाही हा विषय विद्यापीठाच्या पातळीचा आहे का, असा प्रश्न होता. त्यानंतर संख्याशास्त्र, उपग्रह आणि जीआयएस (संगणकावरची नकाशापद्धती) आलं, आणि आज पाणी, पीकविमा, नगररचना, मालवाहतूक, आपत्ती व्यवस्थापन असं कोणतंही काम नकाशा हाताळणाऱ्या माणसावाचून होत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानदाराला माल कुठून आणायचा आणि कुठे पाठवायचा हेही भूगोलाचंच गणित आहे.

खरी अडचण शाळेत आहे. कर्नाटकात माध्यमिक शाळेत भूगोल हा समाज विज्ञानाच्या एका पुस्तकात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या जोडीने येतो. पुस्तक साऱ्या राज्याचं, त्यामुळे मुलाच्या वाट्याला राज्याच्या नद्यांची यादी येते. मराठी माध्यमाच्या मुलाला ती मराठीत मिळते, पण त्याच्या शिवारातला ओढा त्यात नसतो. महाराष्ट्राचं पुस्तक आणून हे भागणार नाही, त्यातही बेळगाव नाही. हे पुस्तक आपणच तयार केलं पाहिजे.

त्यासाठी निधी आणि परवानगीची वाट पाहायची गरज नाही. १९३० च्या दशकात डडली स्टॅम्प या भूगोलतज्ज्ञाने ब्रिटनमधल्या जमिनीच्या वापराची पाहणी केली, ती मुख्यतः शाळकरी मुलांच्या हातून. मुलं शिक्षकांबरोबर शेताशेतांतून फिरली आणि कुठे पीक, कुठे कुरण, कुठे रान, कुठे घरं हे मोठ्या नकाशांवर नोंदत गेली. दुसरं महायुद्ध आलं आणि धान्य वाढवायची वेळ आली, तेव्हा कोणती जमीन नांगराखाली आणायची हे ठरवायला त्याच नकाशांचा उपयोग झाला.

आपल्याकडे सुरुवात बेळगावच्या बळ्ळारी नाल्यापासून करावी. पावसाळ्यात या नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं, भात कुजतं, निवेदनं दिली जातात, पंचनामे होतात आणि पुढच्या वर्षी तेच घडतं. या पट्ट्यातल्या मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शाळांतली आठवी-नववीची मुलं एकत्र घ्यावीत, कारण शेत दोघांच्याही घरचं बुडतं. २०२१ च्या धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे मिळवणं पूर्वीसारखं अवघड राहिलेलं नाही, इस्रोच्या ‘भुवन’वर उपग्रहाची चित्रं आहेत, गावनकाशे तलाठ्याकडे आहेत. मुलांनी सर्व्हे नंबरवार लिहावं: पाणी कोणत्या तारखेला चढलं, बांधावर किती फूट होतं, किती दिवस टिकलं, आधी कोणतं पीक होतं. नाल्याची रुंदी जिथे कमी झाली ती ठिकाणं टेपने मोजावीत, जलपर्णी आणि भराव कुठे आहे ते खुणेनं दाखवावं. शाळेच्या गच्चीवर साधं पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. म्हाताऱ्यांना विचारून पूर्वी पाणी कुठवर येत होतं तेही त्याच नकाशावर वेगळ्या रंगात काढावं. भूगोलाच्या महाविद्यालयीन शिक्षकांनी ते तपासावं, दोन्ही भाषांत छापावं, आणि पावसाळ्याआधी ग्रामपंचायत, महापालिका आणि पाटबंधारे खात्याच्या टेबलावर ठेवावं. दुसऱ्या वर्षी मार्कंडेय घ्यावी, तिसऱ्या वर्षी खानापूरच्या शाळांनी मलप्रभेचा उगम.